ओझे उचलण्याचा खरा खर्च



आपल्या सांवेरच्या पेठेत, तसेच इंदूरजवळ सांवेर रस्त्यावर वसलेल्या औद्योगिक क्षेत्रात, गेली काही वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात आहे. माल उचलण्यासाठी यंत्र घ्यावे की न घ्यावे, आणि घ्यावयाचे झाल्यास त्यास खर्च किती येईल, हा तो प्रश्न होय. कोणी फोर्कलिफ्टची दरपत्रके मागवितो, कोणी थप्पीवर पोती चढविणारा पट्टा पाहून येतो, तर कोणी जुन्या बाजारातून चेन-कप्पी आणून गुदामाच्या छताला टांगतो. मंडळाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाचा थोडा स्वस्थपणे विचार व्हावा, एवढ्याच हेतूने हे विचार सभासदांपुढे ठेवीत आहोत.

आमचे मत प्रथमच स्पष्ट करतो. ओझे उचलण्याचे साधन प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे अवश्य घ्यावे. परंतु दरपत्रकावरील आकडा म्हणजेच खर्च, असे समजून ते घेऊ नये. या खरेदीची खाती तीन आहेत. एक यंत्राचे, दुसरे गुदामाचे आणि तिसरे हमालाचे. पहिले खाते सर्वजण पाहतात, दुसरे थोडे पाहतात, आणि तिसरे बहुधा कोणीच पाहत नाही. वस्तुतः या तिसऱ्या खात्यावरच आपल्या व्यवहाराची आणि आपल्या धर्माचीही परीक्षा आहे.

आज ओझे कोण वाहतो?

ज्याच्या गुदामात यंत्र नाही त्याला ओझे उचलण्याचा खर्च नाही, असे मानणे चूक होय. तो खर्च आजही होतच आहे. मात्र तो आपल्या खतावणीत पूर्णपणे उतरत नाही. एक साधा हिशेब पाहू. वीस टन गहू घेऊन एक ट्रक दाराशी उभा राहिला. पन्नास किलोच्या मापाने ती ४०० पोती झाली. आठ हमालांनी तो ट्रक रिकामा केला, तर प्रत्येकाच्या वाट्यास ५० पोती, म्हणजे अडीच टन वजन आले. पुढे विक्री झाली की तीच पोती थप्पीवरून उतरवून दुसऱ्या ट्रकवर भरावयाची. म्हणजे एकाच मालाच्या आवकजावकीत एकेका माणसाच्या पाठीवरून पाच टन ओझे गेले. आणि हंगामात दाराशी एकच ट्रक उभा राहत नाही.

या कामाची हमाली पोत्यामागे ठरलेली असते आणि ती आपण रोजकीर्दीत नोंदवितो. परंतु अकाली वाकलेली कंबर, झिजलेले गुडघे, ओल्या फळीवरून घसरलेला पाय, यांचे खाते आपल्या पेढीवर उघडत नाही. ते हमालाच्या घरी उघडते, आणि त्यातील नावे पडलेली रक्कम त्याची बायकामुले वर्षानुवर्षे फेडीत राहतात. खर्च आहेच, तो फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिला जात आहे.

आपल्या समाजाला ही गोष्ट नव्याने शिकविण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील चौथा अतिचार म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे. आपण तो प्रायः बैलांच्या आणि घोड्यांच्या संदर्भात समजत आलो. बैलगाड्या मागे पडल्या, ट्रक आले, आणि आता या अतिचाराशी आपला संबंध उरला नाही, असे आपणास वाटू लागले. परंतु बैलाच्या मानेवरून उतरलेले ओझे जर माणसाच्या पाठीवर राहिले असेल, तर अतिचार संपला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? सूत्रात अतिभार म्हटले आहे. तो कोणाच्या अंगावर, असा भेद तेथे केलेला नाही.

जगातील राष्ट्रांनीही कालांतराने हाच विचार स्वीकारला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली १२७ क्रमांकाचा करार संमत केला. एका माणसाने वाहावयाच्या वजनाला मर्यादा असावी, हा त्याचा विषय. त्याच वर्षीच्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सुचविली गेली. भारताने हा करार २०१० साली मान्य केला. धान्याचे पोते पूर्वी शंभर किलोचे असे. सरकारी धान्यखरेदीत ते आता पन्नास किलोचे झाले आहे. मर्यादा ५५ ची आणि पोते ५० चे. म्हणजे मर्यादा पाळली जाते खरी, पण ती काठावर पाळली जाते. ज्यांच्या गुदामात अद्याप शंभर किलोचे बारदान भरले जाते त्यांनी तर यंत्राचे दरपत्रक मागविण्यापूर्वी ते बारदान बदलावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ओझे हलके करण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे लहान पोते. त्यास ना वीज लागते, ना चालक.

दरपत्रकाबाहेरील खर्च

आता यंत्राच्या खर्चाकडे वळू. विक्रेत्याच्या कागदावर जी रक्कम असते ती यंत्र कारखान्याच्या दाराशी उभे असतानाची. ते आपल्या दाराशी येऊन पहिले पोते उचलीपर्यंत आणखी कितीतरी रकमा तिला येऊन चिकटतात.

पहिली रक्कम कराची. अशा यंत्रांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. ज्याच्या मालावर कर आहे त्या कारखानदारास या कराची वजावट मिळते, म्हणून त्याला तो फारसा जाणवत नाही. परंतु करमुक्त धान्याचा व्यापार करणाऱ्यास ती वजावट मिळत नाही; त्याच्यासाठी तो कर हा यंत्राच्या किमतीचाच भाग होय. ज्याचा माल काही करपात्र व काही करमुक्त आहे, त्यास त्या प्रमाणातच वजावट मिळते. सांवेर रस्त्यावरील कारखानदाराने घेतलेले यंत्र पाहून पेठेतील अडत्याने तेच यंत्र घेतले, तर दोघांना ते एकाच भावात पडले असे होत नाही. शेजाऱ्याचा खर्च विचारून आपला हिशेब मांडण्यात हा धोका आहे.

दुसरी रक्कम जागेची. फोर्कलिफ्ट मातीच्या किंवा फुटक्या फरशीच्या जमिनीवर चालत नाही. यंत्राचे स्वतःचे वजन आणि त्यावरील माल यांचा भार सोसणारी काँक्रीटची सपाट जमीन त्यास हवी. त्याला वळावयास वाट हवी. म्हणजे आज जेथे थप्प्या आहेत तेथील काही जागा सोडून द्यावी लागते. पोती एकेक उचलण्याचे ते साधन नव्हे. पोती लाकडी पॅलेटवर रचावी लागतात, आणि अशा पॅलेटी शेकड्यांनी लागतात. चेन-कप्पी त्या मानाने किती स्वस्त! तिच्या साहाय्याने एकटा माणूस टनभर वजन सहज वर घेतो. परंतु ती कशाला टांगावयाची? गुदामाच्या छताची कैची पत्र्याचा भार सोसण्यासाठी केलेली असते, टनभर माल लोंबकळण्यासाठी नव्हे. तिच्यासाठी वेगळी लोखंडी तुळई आणि खांब उभे करावे लागतात, व तो खर्च कप्पीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. आणि जो हा खर्च टाळण्यासाठी कैचीलाच कप्पी बांधतो, तो पैसे वाचवीत नसून कोणाच्या तरी डोक्यावर छत टांगून ठेवीत असतो.

तिसरी रक्कम चालकाची, विजेची, बॅटरीची आणि दुरुस्तीची. ही दर महिन्याची आहे. यंत्र विकत घेताना तिची आठवण होत नाही आणि घेतल्यावर तिचा विसर पडत नाही.

चौथी रक्कम तपासणीची. येथे थोडे अधिक थांबणे अवश्य आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वजन उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून निदान एकदा, आणि उद्वाहकांची सहा महिन्यांतून निदान एकदा, जाणत्या अधिकृत व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी, असा दंडक घालून दिला. यंत्रावर लिहिलेल्या सुरक्षित भाराहून अधिक भार त्यावर घालू नये, असेही त्यात होते. ते जुने कायदे आता नव्या श्रमसंहितांत सामावले गेले आहेत. परंतु कायद्याचे नाव बदलले म्हणून साखळी झिजावयाची थांबत नाही. हुकाचे तोंड फाकले आहे काय, तारेच्या दोराच्या काड्या तुटल्या आहेत काय, साखळीची कडी ताणून लांबली आहे काय, ब्रेक धरतो काय, हे पाहण्यास फार विद्या लागत नाही, नियमितपणा लागतो. जुन्या बाजारातून स्वस्तात घेतलेल्या साधनावर भाराचा आकडाच पुसलेला असेल आणि चाचणीचा दाखला नसेल, तर ते फुकट मिळाले तरी महाग होय.

एक टनाच्या साखळीवर दीड टन टांगणारा मनुष्य आपल्या मते काटकसर करीत असतो. आपल्या तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे ठेवणे हा दोष गणला आहे. गिऱ्हाइकाशी माप खोटे करणारा लबाड ठरतो. मग साखळीशी माप खोटे करणाऱ्यास निराळे नाव का द्यावे? गिऱ्हाइकाचे नुकसान चार पैशांचे होते, साखळीखाली उभा असलेल्याचे नुकसान भरून येत नाही. १९२३ च्या कायद्यापासून आपल्या देशात कामावरील अपघाताची भरपाई मालकावर आहे, हे लक्षात घेतले तर निव्वळ रुपयांच्या दृष्टीनेही ही काटकसर अंगलट येणारी आहे.

पोत्यामागे किती?

या साऱ्या रकमा एकत्र करून शेवटी एकच प्रश्न विचारावयाचा: एका पोत्यामागे किती पडले? व्यापाऱ्याला कळणारी भाषा हीच. खालील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी आम्ही धरलेले आहेत; प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, यंत्राची किंमत १०,००,००० रुपये. त्यावर कर १,८०,००० रुपये, आणि वजावट मिळत नाही. एकूण ११,८०,००० रुपये. ते दहा वर्षे चालले तर दरसालचा वाटा १,१८,००० रुपये. रक्कम हळूहळू सुटत जाते असे धरून व्याज सरासरी ५९,००० रुपये. चालकाचा पगार महिना १५,००० प्रमाणे १,८०,००० रुपये. वीज, बॅटरी व दुरुस्ती ६०,००० रुपये. विमा आणि तपासणी २०,००० रुपये. एकंदर दरसाल ४,३७,००० रुपये. जमीन, वाट व पॅलेटी यांचा खर्च यात अद्याप धरलेला नाही.

ज्या पेढीवर वर्षाला ४०,००० पोती येतात व तितकीच जातात, तिच्या ८०,००० उचलींमागे हा खर्च प्रत्येकी सुमारे साडेपाच रुपये पडतो. ज्या गुदामात ४,००,००० उचली होतात, तेथे तोच खर्च उचलीमागे सुमारे एक रुपया दहा पैसे होतो. यंत्र तेच, चालक तोच, किंमत तीच. फरक फक्त ते किती वेळ उभे राहते याचा. म्हणजे यंत्राचा खर्च यंत्रावर अवलंबून नसून आपल्या उलाढालीवर अवलंबून आहे.

आपल्या माळव्यातील व्यापाराचे स्वरूप येथे विसरून चालणार नाही. सोयाबीन आश्विन-कार्तिकात येते, गहू आणि हरभरा फाल्गुन-चैत्रात. त्या काळात पेठेत पाय ठेवावयास जागा नसते, आणि उरलेले कितीतरी महिने गुदाम शांत असते. यंत्राचे व्याज मात्र ज्येष्ठातही चालू आणि श्रावणातही चालू. आयकराच्या हिशेबात यंत्रावर शिल्लक किमतीच्या साधारणतः १५ टक्के घसारा मिळतो, हे खरे. दहा लाखांचे यंत्र तीन वर्षांत वहीवर सुमारे ६,१४,००० चे उरते. परंतु घसारा म्हणजे मिळकत नव्हे. नफ्यावरील कर थोडा कमी होतो, इतकेच. आणि नफाच नसेल तर तोही लाभ तत्काळ पदरात पडत नाही. केवळ घसाऱ्यासाठी यंत्र घेणे म्हणजे सवलत मिळते म्हणून औषध पिण्यासारखे आहे.

लहान साधने आधी

तेव्हा सांवेरच्या मध्यम व्यापाऱ्याने काय करावे? आमचे मत असे की, त्याने मोठ्या यंत्राच्या मागे लागण्यापूर्वी लहान साधनांचा क्रम पुरा करावा.

पहिले साधन लहान पोते, हे वर सांगितलेच आहे. दुसरे, ट्रकच्या तळाच्या उंचीचा पक्का ओटा. हमालाचे अर्धे कष्ट पोते वाहण्याचे नसून ते घेऊन फळीवर चढण्याउतरण्याचे असतात. ओटा आणि ट्रक एका पातळीवर आले की चढण संपते. गवंड्याच्या काही दिवसांच्या कामाने हे साधते, आणि ओटा कधी बिघडत नाही. तिसरे, रबरी चाकांची हातगाडी. ओटा झाला की हातगाडी थेट ट्रकमध्ये जाते, आणि पोते पाठीवर घेण्याचे कारणच उरत नाही. चौथे, थप्पी उंच लावणाऱ्यांसाठी चाकांवरचा चढता पट्टा. तो लहान मोटारीवर चालतो, हलविता येतो, आणि उंच थप्पीवर पोते घेऊन चढण्याचा सर्वांत धोक्याचा भाग तो आपल्याकडे घेतो. या चार पायऱ्या चढून झाल्यावरही ज्याची उलाढाल मोठ्या यंत्राची मागणी करील, त्याने ते निःशंकपणे घ्यावे.

कारखानदार बंधूंची गोष्ट थोडी निराळी. लोखंडी साचे, मोटारी, कापडाचे तागे, औषधांची पिंपे हे हातगाडीने भागणारे काम नव्हे. तेथे कप्पी, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट हवीच. आता ही साधने परदेशाकडे तोंड करून मागवावी लागत नाहीत. इन्डेफ नावाने परिचित असलेल्या चेन-कप्प्या करणारा कारखाना १९६२ पासून आपल्याच देशात आहे, आणि फोर्कलिफ्टही अनेक देशी कारखाने करतात. सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा मनुष्य इंदुरात मिळतो किंवा नाही, हे किमतीच्या आधी विचारावे. हंगामात आठ दिवस बंद पडलेले स्वस्त यंत्र महाग यंत्राहून अधिक खाते.

आपला समाज मोठ्या यंत्रांना कधी बिचकला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी बांधकाम, जहाजे, विमाने, मोटारी या प्रत्येक क्षेत्रात पाऊल टाकले; त्यांनी उभारलेल्या विशाखापट्टणमच्या गोदीतून १९४८ साली ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. तेव्हा आमचा सल्ला भित्रेपणाचा समजू नये. मोठे घ्यावयाचे ते मोठ्या कामासाठी घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

हमालाचे काय?

या विषयावर दोन परस्परविरुद्ध मते आमच्या कानी येतात. काही बंधू म्हणतात, यंत्र आले की हमालीचा त्रास मिटला. माणसे कमी करता येतील. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, यंत्र म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. ते घेणे हीच हिंसा. दोन्ही मते अर्धीच खरी आहेत असे आम्हास वाटते.

पहिल्या मताबद्दल इतकेच सांगतो की, ज्याने वीस वर्षे आपल्या दुकानाचा माल वाहिला त्याचे देणे यंत्राच्या पावतीने फिटत नाही. याचे उदाहरण शोधण्यास इंदूरबाहेर जावयास नको. सर सेठ हुकुमचंद यांच्या नावाची गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. शेठजी १९५९ सालीच निवर्तले होते. गिरणी बंद पडण्याशी त्यांचा संबंध नव्हता. परंतु त्या गिरणीतील सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम द्यावयास २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे! या काळात कित्येक कामगार निघून गेले. यंत्रे गंजली, त्यांची किंमत भंगाराची झाली. माणसांचे देणे मात्र वर्षागणिक उभेच राहिले. यंत्रावर घसारा आहे, माणसाच्या देण्यावर घसारा नाही.

दुसऱ्या मताबद्दल आमचे उत्तर असे. ज्या कामाने माणसाचे शरीर झिजते ते काम त्याच्याकडे तसेच राखून ठेवणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. आपल्या मुलाने हे काम करावे असे कोणत्याही हमालास वाटत नाही. रोजगार राखावयाचा तो माणसाचा, ओझ्याचा नव्हे. हातगाडी ढकलणारा, पट्ट्यावर पोते ठेवणारा, फोर्कलिफ्ट चालविणारा हा पूर्वीचाच हमाल का असू नये? बाहेरून नवा चालक आणण्यापेक्षा आपल्या जुन्या माणसांतील चलाख तरुणास शिकवून तयार करणे स्वस्तही आहे आणि उचितही. त्याला माल ठाऊक असतो, गुदामाचा कोपरान् कोपरा ठाऊक असतो, आणि ओझे पडले म्हणजे काय होते हेही ठाऊक असते.

हा प्रश्न आधी सोडविला नाही तर पुढे काय होते, हे इतर प्रांतांनी पाहिले आहे. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि हमालांची नोंदणी, मजुरी व कल्याणनिधी यांची व्यवस्था मंडळांकडे गेली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालांचा प्रश्न साऱ्या समाजापुढे मांडला. केरळात १९७८ साली डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी कायदा झाला. परंतु यंत्राने माल उतरविला जात असता हमालांनी केवळ पाहत उभे राहून मजुरी मागण्याची एक प्रथाही तेथे पडली, आणि ती २०१८ साली सरकारला बंद करावी लागली. व्यापारी त्या प्रथेस लूट म्हणत. ती चांगली होती असे आम्हीही म्हणत नाही. परंतु यंत्र येताना हमालाची जागा कोठे, हे कोणी ठरविले नाही म्हणजे त्या रिकाम्या जागेत भांडण येऊन बसते, हा धडा तिच्यातून घ्यावयास हवा.

म्हणून आमची सूचना अशी की, यंत्राची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी हमालांच्या मुकादमास पेढीवर बोलवावे, समोर बसवावे, आणि कोणते काम यंत्राकडे जाईल, कोणाला कोणते काम मिळेल, पोत्यामागचा दर कसा राहील, हे कागदावर लिहून उभयतांनी सही करावी. या कागदाला एक पैसाही लागत नाही, आणि साऱ्या खरेदीत इतका किफायतशीर दस्त दुसरा नाही.

मिळून घ्यावे

शेवटचा मुद्दा मंडळाच्या कामाचा आहे. वरील हिशेबात आपण पाहिले की, एकट्या पेढीला उचलीमागे साडेपाच रुपये पडणारे यंत्र पाच पेढ्यांनी मिळून वापरले तर खर्च एक रुपया दहा पैशांच्या आसपास उतरतो. अपरिग्रहाचा उपदेश आपण पर्युषणात ऐकतो. त्याचा अर्थ वस्तू नसावी एवढाच नव्हे, गरजेहून अधिक वस्तू एकट्याने अडवून ठेवू नये, असाही आहे. वर्षातील आठ महिने झाकून ठेवलेले यंत्र म्हणजे निव्वळ परिग्रह, आणि तोही व्याजाने घेतलेला.

लागून असलेल्या गुदामांच्या पाच-सहा मालकांनी एक पट्टा आणि एक फोर्कलिफ्ट मिळून घ्यावी. मोठ्या क्रेनचे काम क्वचित पडत असेल तर ती भाड्याने आणावी. ज्यास हायड्रा म्हणतात ती इंदुरात भाड्याने मिळते. सामाईक यंत्रासाठी एक नोंदवही ठेवावी. पाळी आगाऊ नोंदवावी, तासाचा दर सर्वांना एकच असावा, त्यातील काही भाग बॅटरी व दुरुस्तीसाठी बाजूस काढावा, आणि चालक एकच असावा, म्हणजे बिघाडाची जबाबदारी ढकलता येणार नाही. मंडळाने स्वतः यंत्र घेऊन भाडे आकारावयाचे ठरविल्यास करनोंदणीचा प्रश्न उद्भवतो. तो जाणत्या सल्लागारास आधीच विचारून घ्यावा. हंगामाच्या गर्दीत सर्वांना यंत्र एकाच वेळी हवे असते, ही अडचण खरी आहे. परंतु पहाटे एक, दुपारी एक, रात्री एक असे वार लावून घेण्याइतका समजूतदारपणा जर आपल्यात नसेल, तर मग साधर्मिक वात्सल्याची भाषणे आपण कशासाठी करतो?

वार्षिक तपासणीचेही तसेच. प्रत्येकाने निरनिराळा तपासनीस आणण्यापेक्षा मंडळाने वर्षातून एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी सांवेरमधील सर्व सभासदांच्या कप्प्या, साखळ्या, दोर व यंत्रे तपासून घ्यावीत. हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावा, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी निधी लागणार नाही. एक कार्यवाह आणि एक यादी पुरेल.

क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. आप्तांकडे जातो, व्यापारातील संबंधितांना पत्रे पाठवितो. ज्याच्या पाठीवरून आपला सारा माल गेला त्याच्याकडे जावयाचे मात्र बहुधा राहून जाते. त्याच्याकडे अवश्य जावे. आणि जाताना रिकाम्या हाताने न जाता एक हातगाडी, एक ओटा आणि एक सही केलेला कागद घेऊन जावे. नवे वर्ष सर्व सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना सुखाचे जावो, आणि आपल्या पेढीवरील प्रत्येक ओझे योग्य मापाचे राहो, हीच प्रार्थना.